शेवाळ लावा आणि स्किमर विका? जरा थांबा

दर्यावर्दी_दादर
काल खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवाल्यांच्या एका गटात सल्ला वाचला: "सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या गाळणपेटीत) शेवाळ लावा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) विकून टाका, बाकी निसर्ग बघून घेतो." खाली नुसते अंगठे!

निसर्ग काही बघत नाही हो. कीटो, म्हणजे सम्पमधलं ते दोऱ्यांच्या गुंत्यासारखं शेवाळ, माशांच्या घाणीतून येणारं नायट्रेट-फॉस्फेट शोषतो, मान्य. पण ते टाकीबाहेर कधी जातं? तुम्ही मूठभर कापून कचऱ्यात टाकता तेव्हा. नाही कापलं, तर गोळ्याच्या आतला भाग उजेडाविना कुजतो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात. स्किमर प्रथिनं कुजायच्या आधीच फेसाबरोबर उचलतो, वर हवाही खेळवतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाणी थंड करणारा चिलर नसेल, तर मुंबईच्या मे महिन्यात स्किमर विकणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. दोन्ही हवंच.

क्लाऊनवाली_मुलुंड
तुमचा स्किमर तुम्हाला लखलाभ. आमचं वन बीएचके, टाकी हॉलमध्ये, सासूबाईही हॉलमध्येच झोपतात. रात्री घुर्रघुर्र ऐकून त्या उठून प्लग काढायच्या. सकाळी विचारलं की "मला काय माहीत". स्किमर काढला, कीटो लावला. टाकीचे दिवे बंद असताना त्याचा दिवा चालू. रात्री पीएच घसरायचा, आता तसा घसरत नाही. कोरल उघडे, मासे मजेत, सासूबाई शांत.

आणि हे खूळ कालचं नाही. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडींनी शेवाळाच्या गाळणीचं पेटंट 1982 मध्ये घेतलंय.

दर्यावर्दी_दादर
ताई, एडींच्या जाळीवरचं शेवाळ नियमित खरवडून काढतात. मी वेगळं काय म्हणतोय?

कुर्ला_मार्केटवाला
कीटोऐवजी कॉलर्पा हे शेवाळ लावणाऱ्यांनो, सांभाळून. माझ्या भावाच्या सम्पमध्ये होता. एका सकाळी पाणी हिरवट दुधाळ, कॉलर्पा पांढराफटक. बीजं सोडून मेला की सगळं पाण्यातच राहतं. टँग मासा वाचला, बाकी विचारू नका.

फुकट_तेच_पौष्टिक
मूठभर कीटोला दुकानदार सांगेल तो भाव कशाला द्यायचा? बँडस्टँडच्या खडकांवर हिरवंगार फुकट पडलंय. ओहोटीला जा, पिशवी भरा.

क्लाऊनवाली_मुलुंड
अहो, ते तिथे एवढं का फोफावतं? सांडपाण्यावर! मिठी माहीमला उतरते, बँडस्टँड तिथून किती लांब?

फुकट_तेच_पौष्टिक
म्हणजे नायट्रेट खायची सवय असलेलं शेवाळ. तुम्हाला तेच हवं होतं ना? मी तर पाणीही समुद्राचंच आणतो. मिठाच्या बादल्या विकणाऱ्यांची घरं मी का भरू?

दर्यावर्दी_दादर
पावसाळ्यातही? किनाऱ्याजवळचा खारटपणा तेव्हा किती उतरतो, कधी मोजलंत?

फुकट_तेच_पौष्टिक
माझ्या डॅमसेल माशांना नाही कळत.

कुर्ला_मार्केटवाला
डॅमसेल गटारातही जगेल. त्याचं सर्टिफिकेट नको.

वरळीकर_जुना
शेवाळ, पाणी ठीक. पण पिशवी भरताना खडकासोबत कोरलचा तुकडा आला तर? सगळे कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

फुकट_तेच_पौष्टिक
मुंबईत कसले कोरल, काका!

वरळीकर_जुना
कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजी अलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले, ते काय प्लास्टिकचे होते? आणि रोडवाल्यांना परवानगी, आम्ही शिंपला उचलला तरी चोर. माझ्या लहानपणी तिथे ओहोटीला...

दर्यावर्दी_दादर
काका, कोस्टल रोडसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. विषय सम्पचा होता.

वरळीकर_जुना
समुद्र बुजवला तो विषय नाही, आणि तुमची काचेची पेटी विषय. छान.

क्लाऊनवाली_मुलुंड
दर्यावर्दी, कापणीचं तुमचं खरं. गेला महिनाभर मी कापला नव्हता, आज टेस्ट केली तर नायट्रेट चढलेलं. खूश? पण तुमचं "दोन्ही हवंच" मी मानत नाही. दोन्ही लावून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेणाऱ्यांच्या वाळूवर डायनो नावाच्या सूक्ष्मजीवांचे तपकिरी शेंबडे धागे पाहिलेत मी.

दर्यावर्दी_दादर
फॉस्फेट शून्य झालं की कीटोही वाढायचा थांबतो आणि नायट्रेट तसंच पडून राहतं. म्हणून माशांना खायला घाला, उपाशी ठेवू नका. आणि तुमच्या तीन फुटी टाकीत मासे दोनच असतील तर स्किमर नसला तरी चालेल.

क्लाऊनवाली_मुलुंड
पाच आहेत.

दर्यावर्दी_दादर
मग एअर पंप तरी लावा. त्याचाही आवाज होतो, सासूबाईंना आधी विचारा.