शेल्टरमधल्या पिल्लांसाठी निधी: किती मागावा, कसा मागावा?

कृष्णाकाठ

मिरजेजवळ एका नोंदणीकृत ट्रस्टचं कुत्र्यांचं शेल्टर आहे, त्यासाठी निधी उभा करायचाय. सध्या १४ पिल्लं आहेत. त्यांतल्या ५ जणांचे अजून डोळेही उघडलेले नाहीत, आई नाही. बाकीची दीड-दोन महिन्यांची. दिवाळीनंतर आकडा ४०च्या घरात जातो. खोल्यांना फरशी आहे, अंगण मातीचं. नव्या पिल्लांना वेगळं ठेवायला जागा नाही. ट्रस्टकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) आहे, परदेशी देणग्यांची नोंदणी नाही. आम्ही दोन सोसायट्यांतले सहा जण मदतीला आहोत.

रक्कम कशी ठरवायची? माझ्या यूपीआयवर पैसे घेतले तर चालेल का? दुबई आणि अमेरिकेतले काही जण द्यायला तयार आहेत, त्यांचं काय करायचं?

औषधपेटी

एका पिल्लाचा सोळा आठवड्यांचा हिशेब आधी मांडा, मग तो ४०ने गुणा. "शेल्टरला मदत करा" म्हटलं की लोक शंभर रुपये टाकून मोकळे होतात, आणि ते चूक नाहीत. नेमकं काय लागतंय ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एका पिल्लामागे मोजायच्या गोष्टी अशा. संयुक्त लस (डिस्टेंपर, पार्वो वगैरे विषाणूंच्या जीवघेण्या आजारांवरची) साधारण ६, ९, १२ आणि १६ आठवड्यांना, म्हणजे चार डोस. रेबीजची लस तीन महिन्यांना. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत दर पंधरवड्याला, म्हणजे सहा वेळा, आणि तेही वजनावर. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा यादीत सगळ्यांत वर लिहा. ४० पिल्लांचे संयुक्त लसीचेच १६० डोस झाले. दर छापील किमतीने धरू नका, तुमच्या डॉक्टरांकडून घाऊक दर लेखी घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवी. फ्रिजच्या दारात ती तापते, बर्फाच्या कप्प्याला टेकली तर गोठते, आणि दोन्हीकडे वाया जाते.

"एक डोस दिलाय, पुढचे परवडत नाहीत" ही बचत सगळ्यांत महाग पडते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती रक्तात असेतोवर ती लसीलाच निकामी करते. ती कुठल्या पिल्लात कधी ओसरेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

आता वेळेचं. कुत्र्या भाद्रपदात माजावर येतात, गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात. ती सहा-आठ आठवड्यांची होतात तेव्हा पौष लागलेला असतो आणि पार्वो तेव्हाच गाठतो. पौषात आवाहन केलंत तर पैसे सलाईनवर जातील. दिवाळीआधी केलंत तर लसीवर.

डोळे न उघडलेल्या पाचांसाठी पिल्लांची दूधपावडर लागेल. गाईच्या दुधाने जुलाब लागतात. दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला १५ ते २० मिली तयार दूध धरा, डब्यावरचं प्रमाण पाहून थोडं कमी-जास्त. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ४५ ते ६० मिली, पहिला आठवडा दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाचांचं मिळून रोज पाव लिटरच्या आसपास. पावडर किती ते यावरून काढा.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आधी ऊब द्या. अंग गार असताना पचन थांबलेलं असतं. पाजताना पिल्लू पालथं हवं. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसायचं, त्याशिवाय ती करत नाहीत. खोक्यात पहिल्या आठवड्यात ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, पण खोक्याच्या अर्ध्याच भागात, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकून बाजूला जातं. वजन रोज त्याच वेळी करा. ज्याचं एक दिवस वाढलं नाही, त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

जमाखर्च

स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळून ५०,००० रुपयांच्या वर भेट जमा झाली, तर वरची नव्हे, सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. शिवाय देणगीदाराला ८०जीची पावती तुमच्या नावावर मिळणार नाही. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच लावा. सहा जणांनी मिळून वेगळी वर्गणी काढायची असेल, तर गणेशमंडळं घेतात तीच कलम ४१ कची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्यावी लागते. ट्रस्ट हाताशी असताना तो खटाटोप कशाला?

८०जीबद्दल देणाऱ्याला आधीच सांगा: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, वस्तूंना नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना तर नाहीच. पॅन देणगी घेतानाच लिहून घ्या. मार्चअखेर दोनशे जणांना फोन करत बसणं कुणाला जमत नाही.

परदेशाचं: दुबईतल्या व्यक्तीकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला ठेवा. अमेरिकेतल्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येणार नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरीही. त्यांचे पैसे इथल्या भावाच्या खात्यातून वळवण्याची युक्ती कुणीतरी सुचवेलच. ऐकू नका, अडकेल तो ट्रस्ट.

क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर गेलात तर प्लॅटफॉर्मचं शुल्क, पेमेंट गेटवेचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वजा होऊन पैसे येतात. उद्दिष्ट तेवढं वाढवून लिहा.

ओसरी

दोन सोसायट्या आहेत तर रद्दीपासून सुरुवात करा. महिन्याचा एक रविवार ठरवा, जिन्याखाली पोतं ठेवा. रोजची वर्तमानपत्रं पिल्लांखाली अंथरायला शेल्टरला द्यायची, गुळगुळीत पुरवण्या आणि मासिकं ओल शोषत नाहीत, ती विकायची. रक्कम मोठी नसते, पण दर महिन्याला येते, आणि जो रद्दी देतो तोच पुढे लसीचे पैसे देतो.

वस्तूंची यादी लिफ्टमध्ये लावा: जुने टॉवेल, सुती चादरी, गरम पाण्याच्या पिशव्या, सुई नसलेल्या ५ आणि १० मिलीच्या सिरिंज. यादी नसली की बिस्किटांचे पुडे आणि दुधाच्या पिशव्या येतात.

फोटो मरणासन्न पिल्लांचे टाकू नका. पैसे येतात हे खरं, पण ते त्या पिल्लासाठी म्हणून येतात, आणि ते गेलं की लोक विचारतात, आमच्या पैशांचं काय केलंत? संदेश असा लिहा:

"शेल्टरमध्ये या हंगामात ४० पिल्लं येतील. एका पिल्लाच्या चार लसी, रेबीज आणि जंताचं औषध मिळून __ रुपये. आजवर __ पिल्लांचे जमले, __ बाकी. डॉक्टरांचं दरपत्रक सोबत जोडलं आहे. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात."

मधले आकडे दर रविवारी बदला. बिलांचे फोटो त्याच ग्रुपवर टाका, पिल्लं गेली तर तेही लिहा.

कृष्णाकाठ

खूप आभार. एक जण एकरकमी मोठी देणगी द्यायला तयार आहेत, अंगणात हिरवळ आणि खेळणी करावीत म्हणतात. मला त्यातून विलगीकरणाची खोली हवी आहे. त्यांना काय सांगू?

औषधपेटी

मातीचंच कारण सांगा. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि माती निर्जंतुक करता येत नाही. ब्लीच मातीत पडलं की वायाच जातं. हिरवळीवर एक आजारी पिल्लू फिरलं की पुढच्या हंगामातल्या पिल्लांनाही धोका.

खोलीला गुळगुळीत फरशी, भिंतीला हातभर टाइल, स्वतंत्र मोरी आणि दाराबाहेर चपलांचा वेगळा जोड एवढं हवं. मोरीचं पाणी इतर पिंजऱ्यांसमोरून वाहता कामा नये. नवं पिल्लू तिथे १४ दिवस राहील. तिथला झाडू, ताटल्या बाहेर यायच्या नाहीत, आणि त्या खोलीतलं काम रोज सगळ्यांत शेवटी करायचं.

धुताना आधी साबणाने घाण काढायची, मग ५ टक्क्यांचं ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं ठेवून स्वच्छ धुवायचं. घाण न काढता ओतलेलं ब्लीच काम करत नाही. फिनाइलने वास जातो, पार्वो जात नाही. ब्लीच रोज ताजं कालवा आणि संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. अंगण करायचंच असेल तर कोबा घालून उतार काढा. देणगीदारांच्या नावाची पाटी खोलीच्या दारावर लावता येईल, हेही त्यांना सांगा.