हिमालय ओलांडणारे पट्टकादंब आणि विरळ हवा

प्रश्न : हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसवर्गीय पक्षी) हिमालय ओलांडून येतात. साडेपाच हजार मीटर उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो आणि माणसाला चार पावले चालतानाही धाप लागते. मग हे पक्षी सतत पंख मारत कसे उडू शकतात?

उत्तर १ : मुख्य कारण रक्तात आहे. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या, अल्फा साखळीत ११९व्या स्थानी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानीन हे दुसरे अमिनो आम्ल असल्याने ते कलहंस या त्यांच्या जवळच्या नातलग पक्ष्याच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरते. शिवाय उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे) जाळे दाट असते आणि मायटोकॉन्ड्रिया (प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतील घटक) पेशीच्या कडेला, म्हणजे केशवाहिन्यांलगत, अधिक असल्याने प्राणवायूला कमी अंतर कापावे लागते. मला ही रचनाच सर्वांत विलक्षण वाटते.

उत्तर २ : एक पुस्ती जोडतो. हे पक्षी एव्हरेस्टवरून उडतात असे सर्रास सांगितले जाते. परंतु उपग्रहाद्वारे मागोवा घेतलेल्या पक्ष्यांची सर्वाधिक नोंद सुमारे ७,२९० मीटरची आहे, आणि एरवी ते डोंगरउतारांना धरूनच वरखाली होत जातात.

उत्तर ३ : उंचावर राहणाऱ्या याकची तऱ्हा मात्र या पक्ष्यांहून वेगळी आहे. सखल भागातील गुरे उंचावर नेल्यास त्यांच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि छातीपुढे सूज धरते. याकमध्ये हे आकुंचन अत्यल्प असते.