होवरक्राफ्टने भूसुरुंगांवरून जाता येईल का?

भटक्या_७७: रामेश्वरमला गेलेलो तेव्हा मंडपमला तटरक्षक दलाचं होवरक्राफ्ट पाण्यातून थेट वाळूवर चढताना बघितलं, वाळू एवढी उडाली की हातातला चहा गेला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हे हवेवर चालतं, जमिनीला टेकतच नाही, मग भूसुरुंग पेरलेल्या जागेवरून आरामात जायला पाहिजे ना? लोक जीव धोक्यात घालून सुरुंग काढत का बसतात?

स्पॅनर: टेकत नाही म्हणून वजन गायब होत नाही राव, तेच वजन खालची हवा जमिनीवर टाकते, फक्त पसरून. ढोबळ हिशोब बघ. एसके-५ नावाचं छोटं होवरक्राफ्ट साधारण 7 टन, खालची जागा 60 चौ. मीटर धर, म्हणजे चौ. सेंटिमीटरला 12 ग्रॅम. रशियन पीएमएन सुरुंग 11 सेंमी रुंद, त्याच्यावर येणार जेमतेम सव्वा किलो, काही होणार नाही. पण अमेरिकन नेव्हीचं एलसीएसी हे मोठं होवरक्राफ्ट रणगाडा घेऊन 180 टनांच्या आसपास जातं, तिथे त्याच सुरुंगावरचा भार 5 किलोच्या पुढेमागे येतो, आणि काही सुरुंगांना तेवढंही पुरतं. तू बस, मी काठावरून बघतो 😀

माजी_फौजीचा_पोरगा: हे झालं दाबाच्या सुरुंगांचं, तारेच्यांचं काय? गवतात तार ताणलेली असते, स्कर्ट, म्हणजे खालची हवा धरून ठेवणारा घेर, घासत गेला की ओढलीच. शिवाय याला ब्रेक नाही, जरा उतार लागला की बाजूला घसरतं, आणि मधेच इंजिन बंद पडलं तर सगळं धूड खाली बसकण मारणार, मग कसले 12 ग्रॅम! व्हिएतनाममध्ये अमेरिकन आर्मीकडे तीन एसके-५ होती, 1970 मध्ये त्यातली दोन उद्ध्वस्त झाली.

दर्यावर्दी: समुद्रात मात्र उलट आहे बरं का. पंखा पाण्याबाहेर, त्यामुळे पाण्याखाली आवाज कमी, आणि खाली स्फोट झाला तरी मधे हवेची गादी. म्हणूनच ब्रिटिश नेव्हीने पाणसुरुंगांच्या कामासाठी याच्या चाचण्या घेतल्या होत्या.

मीनल_के: फॉकलंड बेटांवर 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले सुरुंग पेंग्विन वर्षानुवर्षं तुडवत फिरले, वजन कमी म्हणून उडत नव्हते. पण पेंग्विन गेले म्हणून मेंढपाळाला जाता येत नाही ना, तू पलीकडे गेलास तरी सुरुंग तिथेच. शेवटी झिम्बाब्वेहून आलेल्या माणसांनी गुडघ्यावर बसून एकेक काढला, 2020 उजाडलं.

भटक्या_७७: पटलं. तो स्कर्ट कशाचा असतो पण, रबर?

स्पॅनर: रबर चढवलेलं नायलॉनचं कापड. खालची बोटं, म्हणजे कडेच्या सुट्या पट्ट्या, झिजतात, तेवढीच बदलतात.