आफ्रिकी देश स्वतःच्या कारभाराचे परीक्षण कसे करतात, आणि त्या अहवालांचे पुढे काय होते?

वाचनवेडा

नमस्कार. लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी सध्या शासनाच्या गुणवत्तेचे मोजमाप कसे होते, याविषयी वाचत आहे. या विषयावरचे बहुतेक निर्देशांक बाहेरच्या संस्थांनी तयार केलेले असतात. मात्र आफ्रिकी देशांनी 2003 मध्ये 'आफ्रिकन पीअर रिव्ह्यू मेकॅनिझम' (एपीआरएम) ही स्वतःची यंत्रणा उभी केली असून, तिच्यात एखाद्या देशाच्या कारभारावरचा अहवाल इतर राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीत, त्या देशाच्या प्रमुखासमोरच चर्चेला येतो, असे समजले. सहभाग ऐच्छिक आहे आणि शिफारशी पाळल्या नाहीत तर कोणतीही शिक्षा नाही. मग ज्यांच्या स्वतःच्या कारभारावर आक्षेप आहेत, असे नेते दुसऱ्याला काय जाब विचारणार? हा सारा प्रकार 'तेरी भी चूप, मेरी भी चूप' असा होत नाही का? ज्यांनी याचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.

नोंदवही

आपली शंका रास्त आहे, पण ती या प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्याला लागू पडते. राष्ट्रप्रमुखांची बैठक हा सर्वांत दिखाऊ भाग आहे. खरे काम त्याआधी झालेले असते, किंवा झालेले नसते, आणि एखाद्या देशाच्या परीक्षणाला काही किंमत आहे की नाही हे तिथेच ठरते.

सुरुवात देशांतर्गत आत्मपरीक्षणाने होते. लोकशाही व राजकीय कारभार, आर्थिक व्यवस्थापन, कंपन्यांचा कारभार आणि सामाजिक-आर्थिक विकास अशा चार विषयांवरची भलीमोठी प्रश्नावली घेऊन राष्ट्रीय परिषद देशभर मते गोळा करते आणि आत्मपरीक्षणाचा अहवाल व सुधारणांचा कृती कार्यक्रम तयार करते. त्यानंतर आफ्रिकेतील नामवंतांच्या मंडळातील एका सदस्याच्या नेतृत्वाखाली बाहेरचे पथक देशात येते, सरकार, विरोधी पक्ष, उद्योजक, पत्रकार आणि संस्था यांना भेटते आणि आपला स्वतंत्र अहवाल लिहिते. सरकारला त्यावर उत्तर देण्याची मुभा असते, परंतु ते उत्तर अहवालाला जोडले जाते. पथकाचा मजकूर खोडण्याचा अधिकार सरकारला नसतो. माझ्या मते या यंत्रणेतील सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे, कारण आक्षेप आणि त्याचा इन्कार हे दोन्ही एकाच पुस्तकात कायमचे छापले जातात.

केनियाचे उदाहरण पाहा. ग्रासा माशेल यांच्या नेतृत्वाखालील पथकाने केलेल्या परीक्षणावर जून 2006 मध्ये बांजुल येथे राष्ट्रप्रमुखांसमोर चर्चा झाली. वांशिक गटांमधील तेढ, जमिनीचे जुने तंटे आणि राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली सत्ता यांविषयीचे इशारे त्या अहवालात होते. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर देशात हिंसाचार उसळला, एक हजाराहून अधिक लोक मारले गेले आणि लाखो लोक बेघर झाले. निदान अचूक होते, पण मधल्या दीड वर्षात औषध कोणी दिले नाही. पुढे कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने फेब्रुवारी 2008 मध्ये समझोता झाला आणि 2010 च्या नव्या राज्यघटनेने 47 काउंटींकडे अधिकार सोपवले. या सुधारणांचे श्रेय एपीआरएमला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण 2006 चा अहवाल वाचल्यावर, ज्या दुखण्यांवर नंतर घटनेतून उपाय शोधले गेले त्यांची यादी आधीच कागदावर होती, हे नाकारता येत नाही.

जोहान्सबर्गकर

वरील प्रतिसादाला दक्षिण आफ्रिकेची जोड देतो, कारण नोकरीनिमित्त माझे वास्तव्य इथे आहे आणि या विषयावरचा वाद मी इथल्या वृत्तपत्रांतून वाचत आलो आहे.

दक्षिण आफ्रिका ही या यंत्रणेच्या जन्मदात्यांपैकी एक. सचिवालयही इथेच, मिड्रँडला. साहजिकच इथल्या परीक्षणाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. प्रत्यक्षात राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद सार्वजनिक सेवा खात्याच्या मंत्री जेराल्डिन फ्रेझर-मोलेकेती यांच्याकडे गेले, आणि ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षकाच्या खुर्चीत बसला, अशी टीका नागरी संघटनांनी केली. आत्मपरीक्षणाच्या मसुद्यातील धारदार भाग शेवटच्या आवृत्तीत बोथट झाले, अशीही त्यांची तक्रार होती.

तरीही अडेबायो अडेडेजी यांच्या नेतृत्वाखालील बाहेरच्या पथकाने आपले मत लिहिलेच. गुन्हेगारी, बेरोजगारी आणि इतर आफ्रिकी देशांतून आलेल्या लोकांविषयी वाढत चाललेला द्वेष, यांवर अहवालाने बोट ठेवले. 2007 मध्ये थाबो म्बेकी यांच्या सरकारने परदेशी लोकांविषयीच्या द्वेषाचा मुद्दा ठामपणे फेटाळला. मे 2008 मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत स्थलांतरितांवर हल्ले सुरू झाले आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. 62 जणांचे प्राण गेले. मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती; जमावाने त्यांनाही परके ठरवले होते. ज्यांनी हे शहर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की अलेक्झांड्राच्या पत्र्याच्या खोल्या आणि सँडटनच्या काचेच्या इमारती यांच्यामध्ये केवळ एक महामार्ग आहे. ज्या विषमतेविषयी अहवाल पानेच्या पाने बोलतो, ती इथे रस्त्याच्या एका कडेला उभे राहून दिसते.

तेव्हा 'तेरी भी चूप' हे वर्णन मला या प्रकरणात पटत नाही. परीक्षक गप्प बसले नव्हते. ऐकणाऱ्यानेच कानावर हात ठेवले होते.

अक्रा-मेल

घानाविषयी कोणीतरी लिहायलाच हवे, कारण परीक्षण पूर्ण करणारा तो पहिला देश आणि आजवर त्याचेच उदाहरण सर्वाधिक दिले जाते. राष्ट्राध्यक्ष जॉन कुफुओर यांनी 2004 मध्ये सात सदस्यांची परिषद नेमली आणि तिच्यात एकही मंत्री ठेवला नाही. चार विषयांचे तांत्रिक काम चार स्वतंत्र संशोधन संस्थांकडे सोपवले. जानेवारी 2006 मध्ये खार्टूम येथे अहवालावर चर्चा झाली, तेव्हा कुफुओर स्वतः उत्तरे देत होते. दक्षिण आफ्रिकेशी तुलना केली, की खुर्चीवर कोण बसतो याने किती फरक पडतो ते कळते.

मात्र घानाचे गोडवे गाताना हात जरा आखडता घ्यावा, असे मला वाटते. फुगलेल्या मंत्रिमंडळाकडे आणि कार्यकारी सत्तेपुढे दुबळ्या पडणाऱ्या संसदेकडे त्या अहवालाने लक्ष वेधले होते. संसदेच्या दुबळेपणाचे मूळ 1992 च्या राज्यघटनेच्या 78 व्या कलमात आहे. बहुसंख्य मंत्री खासदारांमधूनच घ्यावेत, असे ते कलम सांगते. परिणामी सत्ताधारी बाकांवरच्या खासदाराची नजर सरकारच्या चुकांपेक्षा मंत्रिपदाकडे अधिक लागलेली असते. हे 2006 मध्ये सर्वांना माहीत होते, 2010 मध्ये नेमलेल्या घटना पुनर्विलोकन आयोगासमोरही ते आले, आणि तरीही 2017 मध्ये नाना अकुफो-अडो यांच्या सरकारात मंत्री व उपमंत्री मिळून संख्या 110 वर गेली. परिषद स्वतंत्र होती, संशोधन चोख होते, राष्ट्राध्यक्षांनी अहवाल मान्यही केला होता. ज्या सुधारणेमुळे सत्तेवरील पक्षाची पदे वाटण्याची सोय जाते, ती मात्र कोणत्याही पक्षाला नको असते.

शिवाय कृती कार्यक्रमांमध्ये एक जुनी खोड आहे, ती प्रश्नकर्त्यांनी अभ्यासात अवश्य तपासावी. अर्थसंकल्पात आधीपासून असलेल्या योजना कृती कार्यक्रमात घुसडल्या जातात आणि मग प्रगती अहवालात त्यांचीच पूर्तता दाखवली जाते. आपल्याकडच्या कार्यालयांतही हा प्रकार परका नाही!

वाचनवेडा

सर्वांचे आभार. म्हणजे अडचण परीक्षणापेक्षा पाठपुराव्याची आहे, असे मी समजतो. मग इब्राहिम निर्देशांकासारख्या आकडेवारीवर आधारित पद्धती याहून उपयुक्त ठरतात का? तिथे निदान दर वेळी गुण वाढले की घटले, हे तरी दिसते.

नोंदवही

दोन्हींचे प्रयोजन वेगळे आहे. मो इब्राहिम या सुदानी वंशाच्या उद्योजकाने सेल्टेल ही दूरसंचार कंपनी 2005 मध्ये विकली (हेच जाळे पुढे झैनच्या नावाने 2010 मध्ये भारती एअरटेलकडे आले), त्यानंतर प्रतिष्ठान स्थापन केले आणि 2007 पासून हा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. तो इतर संस्थांची उपलब्ध आकडेवारी एकत्र करून देशांना गुण व क्रमांक देतो. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही, हे त्याचे बळ. पण सहावा क्रमांक सातव्यावर का गेला, हे त्या देशातल्या नागरिकाला त्यावरून उमगत नाही. एपीआरएम मुळात क्रमांक देतच नाही. तिचे अहवाल काही शे पानांचे असतात आणि त्यांत कारणे असतात.

माझा कल मात्र तिसऱ्याच साधनाकडे आहे. 1999 मध्ये बारा देशांत सुरू झालेले आणि आता तीसहून अधिक देशांत चालणारे अफ्रोबॅरोमीटर सर्वेक्षण थेट नागरिकांना, त्यांच्या भाषेत, समोर बसून विचारते. ओळखपत्र किंवा परवाना मिळवण्यासाठी लाच द्यावी लागली का, पोलिसांवर विश्वास आहे का, राजकारणाविषयी बोलताना जपून बोलावे लागते का, असे साधे प्रश्न असतात. एका देशात साधारणपणे 1,200 किंवा 2,400 प्रौढांचा नमुना घेतला जातो. सरकारला हे निष्कर्ष अडचणीचे वाटले तरी नाकारणे कठीण जाते, कारण तिथे तज्ज्ञाचे मत नसून तिथल्याच लोकांचा अनुभव असतो.

पाठपुराव्याविषयी आपण काढलेला निष्कर्ष बरोबर आहे, फक्त त्यात एक भर घालतो. मालीचे परीक्षण 2009 मध्ये झाले आणि 2012 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. बुर्किना फासोचे 2008 मध्ये झाले आणि 2014 मध्ये जनतेच्या उठावामुळे ब्लेझ कॉम्पाओरे यांना पळ काढावा लागला. सत्ता बेकायदा हिसकावली गेली, तर आफ्रिकी संघ त्या देशाला निलंबित करतो, आणि 2012 पासून अंमलात आलेल्या लोकशाही, निवडणुका व शासनविषयक सनदेनेही त्याला आधार दिला आहे. परंतु निवडून आलेला नेताच कारभार पोखरत असेल, तर संघाकडे असे धारदार हत्यार नाही. त्या वेळी एपीआरएमचा अहवाल हाच काय तो कागद उरतो, आणि तो देशातील पत्रकारांनी, वकिलांनी आणि विरोधी पक्षांनी हातात घेतला तरच चालतो.

प्रबंधासाठी केनियाचा 2006 चा अहवाल आणि 2017 मध्ये झालेल्या दुसऱ्या परीक्षणाचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, असे सुचवतो. कोणत्या शिफारशी दुसऱ्यांदा जशाच्या तशा आल्या आहेत, तेवढ्यांवर खुणा केल्या तरी आपल्या अभ्यासाचे निम्मे काम होईल.