नव्या चालकांवर टप्प्याटप्प्याने बंधनं: बंधन वयावर की अनुभवावर?

सावकाश: सोळा-सतराव्या वर्षी एकदम पक्का परवाना हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. न्यूझीलंडने १९८७ साली टप्पे पाडले. आधी जाणता चालक शेजारी बसवून शिकायचं, मग मर्यादा पाळून एकट्याने, शेवटी पूर्ण परवाना. मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी काढता येत नाही. एकट्याने चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. त्यात सोबत समवयस्क असतील तर हा धोका दर मित्रागणिक वाढतो.

मोकळा रस्ता: चार जण बेफाम चालवतात म्हणून सगळ्यांनाच का अडकवायचं? रात्रपाळीहून सुटणाऱ्या मुलीने घरी कसं यायचं? शिवाय अमेरिकेत बहुतेक राज्यांत अठरा पूर्ण झाले की ही बंधनं गळून पडतात. मग मुलं अठरापर्यंत थांबतात आणि सरावाशिवाय थेट रस्त्यावर उतरतात. २०११ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात कडक नियमांच्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात कमी दिसले, पण १८ वर्षांच्यांचे जास्त. संकट टळलं कुठे? दोन वर्षं पुढे गेलं.

सावकाश: कामावरून येण्या-जाण्याला अनेक राज्यांत सूट आहे. अठराचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर नियम काढणं नव्हे, वाढवणं. न्यू जर्सीत एकविसाच्या आतल्या प्रत्येक नवशिक्याला टप्पे लागू आहेत. न्यूझीलंडमध्ये तर वय कितीही असो, नवा चालक टप्प्यांतूनच जातो.

आईचा जीव: दोघांचंही वाचलं. मला काळजी अंमलबजावणीची वाटते. गाडीत कोण बसलंय, त्याचं वय काय, हे पोलिसाला बाहेरून कसं कळणार? न्यू जर्सीने २०१० पासून अशा नवशिक्या मुलांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर लाल खूण सक्तीची केली. मुलं एकटी आहेत हे नको त्या माणसाला कळेल, म्हणून पालक कोर्टात गेले, पण कायदा टिकला. त्यांची भीती मला पूर्ण पटते. तरीही खूण असावी, मागचा चालक जरा अंतर ठेवेल.

मोकळा रस्ता: खूण चालेल. अनुभवावर आधारलेले टप्पेही चालतील, पण सगळ्या वयांना सारखे. चाळिशीत पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्यालाही रात्रीची बंदी घालणार असाल, तर माझा विरोध संपला.

सावकाश: घालावीच.