मुंबई-लंडन पाच तासांत? आईच्या तिकिटावरच्या वेळा जुळत नाहीत

डोंबिवलीकर:
आई (वय ७१) मे महिन्यात एकटी लंडनला ताईकडे निघालीय. विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकिटावर मुंबई दुपारी १:३०, लंडन त्याच दिवशी संध्याकाळी ६:३०. म्हणजे पाच तास? आणि येताना लंडन रात्री ९:००, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३०. हे झाले साडेतेरा! अंतर तर तेवढंच. तिचे गुडघे दुखतात, रात्री ९ ला बीपीची गोळी असते. किती तास बसायचंय, हे कालपासून तीनदा विचारलंय तिने. मला तिला नक्की आकडा सांगायचाय.

सहारचा जुना माणूस:
तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मे महिन्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे (थंडीत साडेपाच). म्हणून जाताना पाचात साडेचार मिळवा, येताना साडेतेरातून साडेचार वजा करा. जायला साडेनऊ, यायला नऊ तास.

आता हा अर्धा तास का? मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये (विमानाचा मार्ग आणि इंधन आखणारा विभाग) २६ वर्षं काढली, रोज हेच गणित. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर या मार्गावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. थंडीत जोर वाढतो, तेव्हा फरक आणखी.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. सरळ अंतर सुमारे ७,२०० किमी. दोरा कराचीच्या बाजूने, इराणवरून जातो, बरोबर मध्यावर जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ येतो आणि पुढे युक्रेनवर. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो. २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारी ते जुलै बंद होतं, तेव्हा आम्ही अरबी समुद्रावरून मार्ग आखायचो. प्रत्येक वळशाला जास्तीचं इंधन, जास्तीची मिनिटं. शिवाय तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचं रांगेत थांबणंही धरलेलं असतं. आपल्या मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत.

गोळीचं महत्त्वाचं. मुंबईचे रात्रीचे ९ म्हणजे लंडनचे दुपारी साडेचार. आई तेव्हा विमानातच असतील आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन असेल. त्यामुळे हातातलं घड्याळ ताईच्या घरी पोचेपर्यंत मुंबईचंच राहू दे. तिकडे गेल्यावर गोळीची वेळ कशी सरकवायची, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

मुलुंडची माई:
गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा हो. माझ्या सासूबाईंच्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या, बॅग दोन दिवसांनी आली. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, टी-टूवर (मुंबई विमानतळाचं टर्मिनल २) चालणं फार आहे. आणि कडेची सीट घ्या, म्हणजे तासा-दीड तासाने उठून चार पावलं टाकता येतील, कुणाला उठवावं लागणार नाही.

डोंबिवलीकर:
काका, माई, मनापासून आभार. कडेची सीट बदलून घेतली, व्हीलचेअरही सांगितली. लेकीच्या पृथ्वीच्या गोलावर आईने स्वतः दोरा धरला, तिबिलिसीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे आलं की अर्धं झालं ना?" साडेनऊ तास ऐकल्यावर जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे कोल्हापूरला एसटीने जातो तेवढंच की." आता तिथली थंडी कशी असते, ते विचारतेय.