लग्नाच्या आदल्या दिवशीचं जेवण: घरच्या ग्रुपवर

काकू: आज होणाऱ्या सूनबाईच्या आईचा मेसेज आला. लग्न शनिवारी, म्हणून शुक्रवारी दुपारी रिहर्सल आणि रात्री रिहर्सल डिनर. तिकडच्या रीतीप्रमाणे ते मुलाकडच्यांनी द्यायचं असतं म्हणे. बोस्टनमध्ये हॉटेल बघायचं का? मला काहीच अंदाज येत नाहीये.

आत्या: म्हणजे आपलं सीमांतपूजनच की! आपल्यात मुलीकडचे करतात, तिकडे मुलाकडचे.

ताई (बोस्टन): हो आत्या. कोणी कुणामागून चालत यायचं, कुठे उभं राहायचं, याची तालीम असते. तासाभरात आटपते. मग त्या मंडळींना आणि जवळच्या नातेवाइकांना जेवण. दोन्हीकडची माणसं ग्लास उंचावून चार शब्द बोलतात. सुरुवात बहुतेक वेळा मुलाचे वडील करतात, यजमान म्हणून.

काका: इंग्रजीत?

ताई (बोस्टन): काका, तुम्ही मराठीत बोला. नवरदेव शेजारी उभा राहून सांगेल. तुमच्या तोंडून जसं येईल तसंच यायला हवं.
आणि काकू, मला मनापासून वाटतं की हे रात्री ठेवूच नका. ऑक्टोबरात इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तुमच्या शरीराला पहाटेचे साडेतीन. बुधवारी उतरलेली माणसं शुक्रवारी संध्याकाळी बसल्या जागी पेंगतात, आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं हेच होतं. आणि पहाटे तीनला सगळे टक्क जागे!
उलट सकाळी अकराला जेवण ठेवलं, तर पुण्यात रात्रीचे साडेआठ. तुमच्या पोटाचीही जेवायचीच वेळ. आणि मुख्य म्हणजे आजी! तिला विमानप्रवास झेपणार नाही, पण साडेआठला ती व्हिडिओवर आपल्याबरोबर जेवू शकेल. रात्रीच्या डिनरला ती कशी असणार?

आत्या: आई शेजारीच बसलीय. म्हणतेय, मग केळवणच करा.

ताई (बोस्टन): अगदी हेच माझ्या मनात होतं! दोघांचं एकत्र केळवण. ताटांभोवती रांगोळी, दोघांना ओवाळायचं, मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलेबी. इथल्या मराठी बायका असा स्वयंपाक घरून करून देतात. मी बोलते त्यांच्याशी.
जागा म्हणून सफरचंदाची बाग बघूया. इथे झाडावरून स्वतः सफरचंदं तोडता येतात, ऑक्टोबरात हंगाम असतो, पानंही रंगलेली असतात. दोन्हीकडच्या लोकांनी एकाच झाडाखाली टोपली भरली की ओळख आपोआप होते. हॉटेलात जो तो आपल्याच टेबलाला चिकटून बसतो. शनिवार-रविवारी तिथे झुंबड असते, शुक्रवारी सकाळी निवांत. बाहेरचं जेवण चालतं का, पाऊस आला तर आडोसा आहे का आणि मोबाइलला रेंज आहे का, हे आधी विचारावं लागेल. रेंज नसेल तर ती बाग आपल्या कामाची नाही.

मोठे काका: कल्पना चांगली आहे. पण त्यांच्या घरची रीत आहे. डिनर टाळलं असं त्यांना वाटता कामा नये. आधी व्याह्यांना विचारा.

ताई (बोस्टन): बरोबर आहे. पाहुणचार आपला आणि सगळ्यांचं बोलणं, एवढं ठेवलं तर बहुधा त्यांना हरकत नसेल. पण विचारायलाच हवं.

नवरदेव: आईबाबा, मला केळवण फार आवडेल, तिलाही. अडचण एकच. तिच्या दोन मैत्रिणी कॅलिफोर्नियाहून शुक्रवारी दुपारी पोहोचतात. जेवण अकराला, म्हणजे तालीम त्याआधी सकाळीच घ्यावी लागेल, आणि त्यांची ती हुकेल.

ताई (बोस्टन): त्यांना शनिवारी लग्नाआधी अर्धा तास समजावून सांगू. आणि शुक्रवारी पाच वाजता हॉटेलच्या लॉबीत चहा आणि सफरचंदाच्या रसातले साइडर डोनट, तासभर, ज्याला जमेल त्यानं यावं. पेंगणाऱ्यांनी खुशाल झोपावं.
अजून एक, हे महत्त्वाचं आहे. कुणाला शेंगदाण्याची, काजूची ॲलर्जी आहे का, ते विचारून घे. आपल्या अळूत दाणे, मसालेभातात काजू, कोशिंबिरीत कूट. इथे हे अनेकांच्या जिवावर बेततं. त्यांच्यासाठी स्वयंपाकच वेगळा करायचा, वरून दाणे काढून चालणार नाही.

नवरदेव: तिच्या भावाला शेंगदाण्याची आहे.

काकू: मग कुणाच्याच जेवणात दाणे नकोत. कूट नसलेली कोशिंबीरही छान लागते, दही घालून करूया.

आत्या: आई विचारतेय, तिने उखाणा घेतला तर चालेल का?

नवरदेव: आजी, तुझ्याशिवाय सुरुवातच करायची नाही. आधी तू, मग बाबा.

काका: मी आज रात्री मुलीच्या आईला फोन करतो. त्या हो म्हणाल्या की लगेच बागेला विचारा.